मुक्ती मिशन, केडगाव

पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव (ता. दौंड, जि. पुणे) येथे पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभी केलेली ख्रिस्ती संस्था. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुली, बालविधवा, फसवून सोडून दिलेल्या स्त्रिया, अंध, अपंग आणि निराधार म्हाताऱ्या यांना येथे आसरा मिळाला आणि आजही मिळतो. ‘मुक्ती’ या नावामागे बायबलमधील यशयाच्या ग्रंथातले एक वचन (६०:१८) आहे. ज्या नगरात नासधूस झाली तेथे ती पुन्हा ऐकू येणार नाही, त्याच्या तटांना तारण आणि वेशींना स्तुती असे नाव पडेल, असा त्याचा आशय. संस्थेचे सगळे काम या एका चित्रात आले आहे. मोडलेले पुन्हा बांधायचे, आणि बांधलेल्याला राखणारी भिंतही घालायची.

प्रभू बरे करतो, असे मराठी ख्रिस्ती माणूस सहज म्हणतो. त्या बरे होण्याचा अर्थ केडगावात फार व्यापक झाला. येथे आलेल्या अंध बाईला दृष्टी आली नाही, पण तिला वाचता येऊ लागले. खुद्द रमाबाईंना ऐकू कमी येत असे. इंग्लंडला गेल्या तेव्हा डॉक्टर होण्याचा त्यांचा बेत होता, तो या बहिरेपणामुळेच सोडावा लागला. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे, शेवटपर्यंत, त्या प्रार्थनेच्या बळावर जगल्या, आणि बहिरेपण तसेच राहिले. मुक्ती मिशन समजून घेताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

संस्थेचे मूळ रमाबाईंच्या स्वतःच्या दुःखात आहे. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातील गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना त्यांनी संस्कृत शिकवले आणि त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला. पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारे हे कुटुंब दक्षिणेतल्या दुष्काळात सापडले. १८७४ मध्ये आधी वडील, मग आई लक्ष्मीबाई आणि त्यानंतर थोरली बहीण कृष्णाबाई, असे काही महिन्यांत सगळे गेले. आईची तिरडी उचलायला माणसे मिळेनात. कशीबशी दोन माणसे तयार झाली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या सोळा वर्षांच्या रमाबाई. उंची कमी असल्याने त्यांना खांदा देता येईना, म्हणून आपल्या वाटणीचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. हा प्रसंग त्यांनीच पुढे लिहून ठेवला आहे. बावीस वर्षांनी दुसऱ्या दुष्काळाची बातमी वाचल्यावर त्या पुण्यात का बसू शकल्या नाहीत, याचे कारण या तिरडीत आहे.

पुढचा प्रवास सुपरिचित आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, दोन वर्षांच्या आत वैधव्य, मग पुण्यात आर्य महिला समाज. १८८३ मध्ये आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे दोघींचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात गदारोळ उठला. महात्मा फुले यांच्यासारखे मोजकेच लोक त्यांच्या बाजूने बोलले.

धर्मांतराचे कारण रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या आत्मकथनात, सांगितले आहे. वाँटेजच्या भगिनींचे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींचे, लंडनच्या फुलहॅम भागात एक आश्रयगृह होते. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तेथे त्या भगिनी मायेने सांभाळत. अशा बायकांना कोणी जवळ घेते, हे रमाबाईंनी तोवर पाहिले नव्हते. त्या चकित झाल्या. असे का करता, म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, पाच नवरे झालेल्या त्या बाईशी येशू स्वतःहून बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो. तरीही, आपण तेव्हा ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला सापडला नव्हता, असे रमाबाई म्हणतात. तो सापडायला आणखी आठ वर्षे लागली. इतकी विद्वान बाई आपल्या श्रद्धेतले अपुरेपण असे उघड सांगते, हे मला त्यांच्या साक्षीतले सर्वांत मोलाचे वाटते.

दरम्यान ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला तो येथल्याच विद्यार्थिनीशी. त्याच वर्षी सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून वादळ झाले. ‘केसरी’ने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार उघडे असते, येणारीला मी बोलावत नाही आणि अडवतही नाही.

केडगावची सुमारे १०० एकर जमीन त्यांनी घेतली होती ती फळबागेसाठी. अमेरिकेतली मदत दहा वर्षांच्या बोलीवर होती. ती थांबल्यावर सदनाचा खर्च बागेवर भागावा, असा हिशोब. बाग धरायच्या आत १८९६–९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढ्या मुली ठेवायला सरकारची परवानगी मिळेना, तेव्हा केडगावच्या माळावर तंबू ठोकले गेले. मुक्ती सदनाची सुरुवात ही अशी. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथली वस्ती दीड हजारांच्या वर गेली.

दुष्काळातल्या मुली आल्या तेव्हा नुसते सापळे होते. उपाशी आतड्याला एकदम पोटभर अन्न सोसत नाही, ते थोडे थोडे द्यावे लागते. काही मुली खाणे लपवून ठेवत, काही एकमेकींच्या हातातले हिसकावत. सगळ्या वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांच्यासाठी दिवस आखला गेला: पहाटेची प्रार्थना, शाळा, आणि प्रत्येकीला हाताचे काम. कुणी मागावर, कुणी गोठ्यात, कुणी तेलाच्या घाण्यावर, भटारखान्यात, शेतात, छापखान्यात. विहिरी खणल्या गेल्या. प्रार्थना आणि काम यांत येथे भेद केलेला दिसत नाही. ज्या मुलीला घराने, गावाने आणि नशिबाने नको म्हटले, तिच्यावाचून आज कुणाचे तरी अडते आहे, ही जाणीव तिला उपदेशातून आली नसती. ती रोजच्या कामातून आली.

फुलहॅमला जे पाहिले, त्यातून कृपा सदन उभे राहिले. फसवल्या गेलेल्या, रोगांनी पोखरलेल्या, रस्त्यावर आलेल्या बायकांचे ते घर. अंधांचे बार्तीमी सदन. बार्तीमय हा यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा भिकारी. लोक गप्प करत असतानाही तो येशूला हाका मारत राहिला. मनोरमाबाई ब्रेल ही अंधांची लिपी शिकून आल्या आणि त्यांनी ती केडगावच्या अंध बायकांना शिकवली. वृद्ध व अशक्तांसाठी प्रीती सदन होते. पुढे शारदा सदनही येथेच आले.

भुकेल्या मुलांचे धर्मांतर हे खरे धर्मांतर का, हा आक्षेप तेव्हाही होता, आजही घेतला जातो. तो झटकून टाकण्यासारखा नाही. घास भरवणाऱ्याचा देव लेकराला आपला वाटणारच. मात्र त्या मुलींना उचलायला आणखी किती हात पुढे आले होते, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे.

१९०५ मध्ये केडगावात जे घडले त्याला ‘मुक्तीतील संजीवन’, म्हणजे श्रद्धेची सामूहिक जागृती, म्हणता येईल. जानेवारीत ७० जणी रोज एकत्र प्रार्थना करू लागल्या. जूनपर्यंत त्या ५५० झाल्या. २९ जूनच्या रात्री एका मुलीला पवित्र आत्म्याचा असा काही अनुभव आला की, शेजारच्या मुलीला ती पेटलीच आहे असे दिसले. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि ओतणार इतक्यात तिच्या लक्षात आले की आग कुठेच नाही. हा प्रसंग मिनी अब्रॅम्स या रमाबाईंच्या सहकारिणीने लिहून ठेवला. पुढचे दिवस रडण्याचे, मोठ्याने प्रार्थना करण्याचे आणि कबुलीचे होते. चोरी, खोटेपणा, मनात धरलेले वैर, सगळे बाहेर पडू लागले. अंगावरच्या जखमा कधीच भरल्या होत्या. आतल्या जखमांना तोंड फुटले ते या दिवसांत, असे मला वाटते. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील प्रसिद्ध जागृती १९०६ ची, म्हणजे केडगावनंतरची. अब्रॅम्सबाईंची या अनुभवावरची पुस्तिका चिलीतल्या एका मिशनरी दांपत्याच्या हाती पडली आणि १९०९ च्या तेथल्या पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या) चळवळीला तिने चालना दिली. दौंड तालुक्यातल्या माळावरून दक्षिण अमेरिकेपर्यंत गेलेला हा धागा महाराष्ट्रात फारसा कुणाला ठाऊक नाही.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या, कमी शिकलेल्या बाईला समजेल अशी भाषा त्यांना हवी होती. हे काम सुमारे १८ वर्षे चालले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. ज्या मुलीवर संस्था सोपवायची होती तीच गेली, तरी रमाबाईंनी लेखणी ठेवली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. १९२४ मध्ये संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवण्यापासून पाने बांधण्यापर्यंतचे काम मुक्तीतल्याच मुली-बायकांनी केले.