संगणक वापरकर्ता मंडळे आणि आरंभीच्या इंटरनेटचे लोकशिक्षण

संगणक वापरकर्ता मंडळे : घरगुती संगणक विकत घेतलेल्या नागरिकांनी, तो एकमेकांच्या मदतीने शिकता यावा म्हणून, गावोगावी चालवलेल्या ऐच्छिक संस्था. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत त्यांचा उगम झाला. पुढे १९९० च्या दशकात इंटरनेट विद्यापीठे व प्रयोगशाळांतून बाहेर पडून घरांत येऊ लागले, तेव्हा ते वापरायला शिकवण्याचे मोठे काम याच मंडळांच्या मासिक सभांनी केले. या सभांना अभ्यासक्रम नव्हता, परीक्षा नव्हती, प्रमाणपत्रही नव्हते. ज्याला एखादी गोष्ट काल जमली त्याने ती आज दुसऱ्याला दाखवावी, एवढ्याच रिवाजावर त्या चालत. संगणकाच्या इतिहासात यंत्रे आणि कंपन्या यांना जेवढी जागा मिळते, तिच्या तुलनेत या सभांना फारच थोडी मिळाली आहे. ती मिळायला हवी, कारण तंत्रज्ञान सामान्य माणसाच्या हाती पडले ते प्रत्यक्षात अशा सभागृहांत.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध मंडळ म्हणजे कॅलिफोर्नियातील होमब्रू कॉम्प्युटर क्लब. त्याची पहिली सभा ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये भरली. फ्रेंच व फ्रेड मूर हे तिचे निमंत्रक होते. त्याच वर्षी सुट्या भागांच्या संचाच्या रूपात बाजारात आलेला ‘अल्टेअर ८८००’ हा संगणक हे लोक जमण्याचे निमित्त होते. पुढे या सभा स्टॅनफर्ड येथील रेषीय त्वरकाच्या प्रयोगशाळेतील सभागृहात भरू लागल्या आणि त्यांचे सूत्रसंचालन ली फेल्सनस्टाइन करीत. ‘ॲपल’चा पहिला संगणक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी याच मंडळींना दाखवला होता. १९७५ मध्येच न्यू जर्सीत हौशी मंडळींचा गट उभा राहिला. १९७७ मध्ये जोनाथन रोटेनबर्ग या अवघ्या तेरा वर्षांच्या मुलाच्या पुढाकाराने बॉस्टन कॉम्प्युटर सोसायटी स्थापन झाली आणि तिची सभासदसंख्या पुढे तीस हजारांवर गेली. नेदरलँड्समधील हॉबी कॉम्प्युटर क्लबही १९७७ चाच. वॉशिंग्टन परिसरातील कॅपिटल पीसी यूजर ग्रुप १९८२ मध्ये, तर बर्कली येथील मॅकिंटॉश वापरकर्त्यांचे मंडळ १९८४ मध्ये सुरू झाले. ‘वापरणाऱ्यांनी वापरणाऱ्यांना मदत करावी’ या आशयाचे घोषवाक्य यांतील अनेक मंडळांनी स्वीकारले होते.

संगणक टेलिफोनच्या तारेला जोडण्याची कल्पनाही एका मंडळाच्याच गरजेतून रुजली. शिकागो परिसरातील हौशी मंडळाचे सभासद वॉर्ड क्रिस्टेनसेन आणि रँडी स्यूस यांनी, जानेवारी १९७८ मधील हिमवादळात घरी अडकून पडले असताना, सभेच्या भिंतीवरील सूचनाफलकासारखा एक संगणकीय फलक तयार करण्याचे ठरवले. कोणीही मोडेमवरून (संगणक टेलिफोनच्या तारेला जोडणाऱ्या उपकरणावरून) फोन लावावा, आधीच्या माणसाने लिहिलेले वाचावे आणि आपले उत्तर लिहून फोन ठेवावा, अशी ती योजना होती. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी तो फलक सार्वजनिक झाला आणि ‘बुलेटिन बोर्ड’ या प्रकाराची सुरुवात झाली. दोन सभांमधल्या महिन्याभरात पडणाऱ्या प्रश्नांना या फलकामुळे वाट मिळाली. शिवाय मोडेम, त्याचा वेग, फाइल पाठवण्याचे संकेत या गोष्टी पुढे इंटरनेटसाठी लागणार होत्या आणि त्या मंडळांच्या सभासदांच्या आधीच अंगवळणी पडल्या. अमेरिकेत स्थानिक फोनसाठी बहुधा ठराविक मासिक आकार असे व बोलण्याच्या मिनिटांची मोजणी होत नसे, ही बाबही या प्रसाराला फार अनुकूल ठरली. ब्रिटनमध्ये स्थानिक फोनलाही वेळेनुसार आकार पडत असल्यामुळे तासन्‌तास तार धरून ठेवणे तेथे परवडणारे नव्हते.

मासिक सभा बहुधा ग्रंथालय, शाळा, विद्यापीठाचे सभागृह किंवा चर्चची खोली अशा स्वस्त वा मोफत जागी भरे. वार्षिक वर्गणी माफक असे. तिच्यातून छापील वार्तापत्र निघे आणि टपालखर्च भागे. सभेत एक मुख्य प्रात्यक्षिक असे; ते कधी एखाद्या कंपनीचा प्रतिनिधी देई, तर कधी एखादा सभासदच. मोठ्या मंडळांत विषयवार उपगट असत आणि त्यांच्या वेगळ्या बैठका होत. १९९३ नंतर इंटरनेटचा उपगट अनेक ठिकाणी सर्वांत गजबजलेला झाला. परंतु सभेचा गाभा म्हणजे प्रश्नांचा तास. होमब्रूच्या सभेत प्रथम प्रत्येकजण उभा राहून आपल्याजवळ काय आहे आणि आपल्याला काय हवे आहे ते सांगे आणि नंतर मंडळी मोकळेपणाने घोळक्याघोळक्यांनी बोलत. पुढच्या मंडळांत हीच पद्धत सभेच्या आरंभीच्या खुल्या प्रश्नोत्तरांच्या रूपाने टिकली. कोणी हात वर करून आपली अडचण सांगे. उत्तर व्यासपीठावरून येई किंवा मागच्या रांगेतून, आणि ते चुकीचे असल्यास तिसरा कोणी तिथल्या तिथे दुरुस्त करी.

या पद्धतीचे शैक्षणिक मोल प्रात्यक्षिकापेक्षा अधिक होते. एकाची अडचण सर्वांसमोर मांडली गेल्याने, तीच अडचण असूनही विचारायला संकोचणाऱ्यांना उत्तर आयते मिळे; आणि जाणकारालाही नवख्याची गाडी नेमकी कुठे अडते ते कळे. निर्मात्यांनी लिहिलेल्या पुस्तिकांत यंत्राचे वर्णन असे. या तासात मात्र ते यंत्र वापरताना माणसाचे काय चुकते याचे ज्ञान साठत जाई, आणि वार्तापत्रातील प्रश्नोत्तरांच्या सदरातून ते गैरहजर सभासदांपर्यंतही पोहोचे.

इंटरनेट शिकणे त्या काळी किती कठीण होते, हे लक्षात घेतल्याशिवाय या सभांची गरज नीट उमगत नाही. १९९० ते १९९३ या काळात सामान्य माणसाला मिळे ते बहुधा ‘शेल’ खाते : काळ्या पडद्यावर अक्षरे उमटत, आणि युनिक्स या संगणकप्रणालीच्या आज्ञा तंतोतंत टंकाव्या लागत. पत्रांसाठी ‘पाइन’, दूरच्या यंत्रावर जाण्यासाठी ‘टेलनेट’, फाइल आणण्यासाठी ‘एफटीपी’, ती कोठे आहे हे शोधण्यासाठी मॅकगिल विद्यापीठात १९९० मध्ये तयार झालेली ‘आर्ची’, आणि याद्यांमधून वाट काढत माहितीपर्यंत जाण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठाचे १९९१ मधील ‘गोफर’, अशी प्रत्येक कामाची साधने वेगळी होती आणि प्रत्येकाच्या आज्ञाही वेगळ्या. एफटीपीने चित्र किंवा संगणकीय कार्यक्रम (प्रोग्रॅम) आणताना आधी ‘बायनरी’ ही आज्ञा द्यायची राहिली, तर तासभर खर्चून आणलेली फाइल निरुपयोगी ठरे. १४,४०० बिट प्रतिसेकंद वेगाच्या मोडेमवर एक मेगाबाइटची फाइल उतरायला सुमारे दहा मिनिटे लागत आणि मधेच घरात कोणी फोन उचलला की जोडणी तुटे.

१९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील केंद्राने ‘मोझॅक’ हा ब्राउझर प्रसृत केला आणि त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र सर्वांसाठी खुले केले. चित्रे आणि मजकूर एकत्र दिसू लागल्याने लोकांची उत्सुकता वाढली, पण वाट सोपी झाली नाही. विंडोज ३.१ मध्ये इंटरनेटशी बोलणारा भागच अंतर्भूत नव्हता. तो वेगळा बसवावा लागे. त्यासाठी टास्मानियातील पीटर टॅटम यांनी लिहिलेला ‘ट्रम्पेट विनसॉक’ हा कार्यक्रम जगभर वापरला गेला. तो शेअरवेअर होता, म्हणजे आधी वापरून पाहावा आणि पटल्यास लेखकाला पैसे पाठवावेत. असंख्य लोकांनी तो वापरला आणि त्या मानाने फारच थोड्यांनी पैसे पाठवले. त्याच्या खिडकीत पत्त्यांचे आकडे, नामसेवकाचा (नावांवरून आकडी पत्ते शोधून देणाऱ्या संगणकाचा) क्रमांक आणि फोन लावल्यानंतर नाव व परवलीचा शब्द कोणत्या क्रमाने पाठवायचा याची छोटी संहिता हाताने भरावी लागे. एक टिंब चुकले तरी जोडणी होत नसे, आणि काय चुकले ते यंत्र सांगत नसे. मंडळांच्या इंटरनेट उपगटांचा फार मोठा वेळ या एकाच खिडकीवर गेला.

येथेच एक मूलभूत पेच होता. ब्राउझर व जोडणीचा कार्यक्रम इंटरनेटवर मोफत उपलब्ध होते, पण ते मिळवण्यासाठी आधी इंटरनेट लागे. तो पेच मंडळांच्या फ्लॉपी-ग्रंथालयांनी, म्हणजे फायली साठवण्याच्या छोट्या चकत्यांच्या संग्रहांनी, सोडवला. वर्षानुवर्षे ही ग्रंथालये मोफत कार्यक्रम व शेअरवेअर जमवून, विषयवार लावून, फ्लॉपीच्या किमतीत किंवा थोड्या जास्त पैशांत सभासदांना देत आली होती. ब्राउझरच्या सुरुवातीच्या आवृत्त्या एका फ्लॉपीत मावत. सभेनंतर मागच्या टेबलावरून अशी फ्लॉपी घेऊन आणि आपल्या भागात इंटरनेट जोडणी देणाऱ्याचे आकडे कागदावर उतरवून माणूस घरी जाई. स्वयंसेवकांच्या मदतीचे फोन क्रमांकही वार्तापत्रात छापले जात, त्यामुळे रात्री जोडणी अडली तर विचारायला कोणीतरी असे.

याच चळवळीची दुसरी शाखा म्हणजे ‘फ्री-नेट’. ओहायोतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील टॉम ग्रंडनर यांनी १९८४ मध्ये, नागरिकांनी आरोग्यविषयक प्रश्न लिहावेत आणि डॉक्टरने चोवीस तासांत उत्तर द्यावे, असा एक बुलेटिन बोर्ड चालवून पाहिला. त्याला मिळालेल्या प्रतिसादातून १९८६ मध्ये क्लीव्हलँड फ्री-नेट उभे राहिले. त्याचा पडदा एखाद्या नगरासारखा मांडलेला होता : टपाल कचेरी, सार्वजनिक चौक, न्यायालय, शाळा, ग्रंथालय आणि वैद्यकीय इमारत. आकडा टंकून माणूस त्या त्या ‘इमारतीत’ जाई. वापरासाठी शुल्क नव्हते आणि बहुतेक विभाग स्वयंसेवक सांभाळत. कॅनडातील ओटावा येथील नॅशनल कॅपिटल फ्रीनेट या धर्तीवर उभे राहिले. ॲम्स्टरडॅमच्या ‘डिजिटल नगरी’नेही १९९४ मध्ये हाच विचार पुढे नेला आणि घरी संगणक नसलेल्यांसाठी सार्वजनिक ठिकाणी पडदे ठेवले. संगणक मंडळांचे सभासदत्व प्रामुख्याने सुशिक्षित, कमावत्या पुरुषांचे होते, कारण यंत्र घेण्याची ऐपत ही पहिली अट होती. ही मर्यादा ओळखून ती ओलांडण्याचा खरा प्रयत्न फ्री-नेटवाल्यांनी केला.

वयाची मर्यादा ओलांडली ती ‘सीनियरनेट’ने. १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात मेरी फरलाँग यांनी ज्येष्ठ नागरिक संगणकाचा उपयोग कसा करतील हे पाहण्यासाठी एक संशोधन प्रकल्प सुरू केला आणि त्याचे पुढे स्वतंत्र संस्थेत रूपांतर झाले. तिच्या केंद्रांत शिकवणारेही ज्येष्ठच असत. एक जण समोर शिकवी आणि त्याचे साथीदार रांगांतून फिरत शिकणाऱ्याच्या शेजारी उभे राहत. माउस हातात धरण्यापासून आरंभ करावा लागणाऱ्या माणसाला आपल्याच वयाचा शिक्षक लाभल्याने संकोच कमी होई. न्यूझीलंडमध्ये १९९२ मध्ये वेलिंग्टन येथे ही कल्पना रुजली आणि तेथे ती मूळ देशापेक्षाही अधिक टिकाऊ ठरली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या पीसी वापरकर्ता मंडळाने तर सभासदांसाठी स्वतःचीच इंटरनेट जोडणी चालवली. शिकवणारा आणि जोडणी देणारा एकच असल्याचा फायदा नवख्यांना झाला.

भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. मुंबई हे आरंभीच्या शहरांपैकी एक होते. त्यापूर्वी १९८६ पासूनच्या ‘अर्नेट’ प्रकल्पामुळे जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि आयआयटी मुंबई यांसारख्या संस्थांत ई-मेल पोहोचले होते, पण ते संशोधकांपुरते. संगणक महाग, जोडणी महाग आणि स्थानिक फोनलाही मीटर, अशा परिस्थितीत अमेरिकी धर्तीची मंडळे महाराष्ट्रात फारशी वाढली नाहीत. येथील बहुसंख्य लोक इंटरनेट शिकले ते सायबर कॅफेत आणि खासगी क्लासमध्ये. २००१ पासून ‘एमएस-सीआयटी’ या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने ते शिक्षण जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. वारणानगर परिसरातील सत्तर गावांत १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात गावोगावच्या केंद्रांवर संगणक बसवण्यात आले, मात्र तेथे चालक यंत्र हाताळी आणि शेतकरी माहिती विचारी. परस्परशिक्षणाची परंपरा आपल्याकडे आली ती लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीबरोबर. ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी दिली आणि ती बसवताना अडलेल्यांतून देशभर वापरकर्ता गट निर्माण झाले. मुंबई, पुणे व गोवा येथील गट त्यांपैकीच. आपापले संगणक घेऊन जमावे आणि जाणकारांनी ते चालू करून द्यावेत, ही त्यांची पद्धत होमब्रूच्याच कुळातली होती.

मूळ मंडळांची उतरण १९९५ नंतर वेगाने झाली. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ मध्ये इंटरनेट जोडणीचे साधन अंगभूतच होते. शेअरवेअर थेट उतरवता येऊ लागले, प्रश्नांची उत्तरे महिनाभर न थांबता पडद्यावर मिळू लागली आणि कंपन्यांना प्रात्यक्षिकासाठी प्रतिनिधी पाठवण्याची गरज उरली नाही. बॉस्टन कॉम्प्युटर सोसायटी १९९६ मध्ये विसर्जित झाली, क्लीव्हलँड फ्री-नेट १९९९ मध्ये बंद पडले आणि बर्कलीचे मंडळ २००० मध्ये दिवाळखोरीत गेले. ज्या साधनाचा वापर मंडळांनी शिकवला त्यानेच त्यांची वार्तापत्रे आणि फ्लॉपी-ग्रंथालये कालबाह्य केली. जी मंडळे टिकली, त्यांत ज्येष्ठ सभासदांची संख्या मोठी आहे. त्यांच्या सभांत आता स्मार्टफोनची मांडणी, छायाचित्रांची साठवण आणि ऑनलाइन फसवणुकीपासून बचाव हे विषय असतात, आणि प्रश्नांचा तास त्यांनी अजूनही राखून ठेवलेला आहे.