कॅड : संगणकावरील अभियांत्रिकी अभिकल्प

यंत्रभागाचा आकार, मापे आणि त्यांतले फेरबदल संगणकावर एकत्र सांभाळणारी प्रणाली म्हणजे कॅड (कॉम्प्युटर एडेड डिझाइन). आयव्हन सदरलँड यांच्या १९६३ मधील स्केचपॅड या संगणक प्रणालीवर प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढता येत आणि त्या समांतरच राहाव्यात अशी अटही घालता येई. आजच्या पॅरामेट्रिक मॉडेलिंगचा गाभा हाच : एक माप बदलले की अटी पाळून बाकीचा आकार बदलतो.

किर्लोस्करवाडीचे पंप आणि सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यातल्या फाउंड्री पाहता, या भागात कॅडचा खरा कस ओतकामात लागतो. इथे एकाच भागाची तीन मापे असतात : तयार भागाचे (फिनिश), ओतलेल्या भागाचे (कास्टिंग) आणि वाळूत साचा उमटवणाऱ्या नमुन्याचे (पॅटर्न). पंपाच्या केसिंगवरील (बाहेरच्या कवचावरील) फ्लँजचा, म्हणजे जोडणीच्या गोल कडेचा, फिनिश व्यास ३०० मिमी असेल, तर दर बाजूला ३ मिमी मशीनिंग अलाउन्स (कापून काढायचा जादा धातू) धरून कास्टिंग ३०६ मिमी होते. करड्या बिडाचे थंड होतानाचे सुमारे १ टक्का आकुंचन धरले की पॅटर्न ३०९ मिमीचा. आकुंचन धरायचे राहिले तर कास्टिंग ३०३ मिमीवर येते. अलाउन्स निम्माच उरतो आणि लेथवरचे टूल कडक, वाळू चिकटलेल्या सालीतच घासत राहते. उलटी चूकही नेहमीची : डिझायनर मॉडेल १.०१ पट करून पाठवतो आणि पॅटर्न मेकर पुन्हा श्रिंकेज पट्टीने (आकुंचनाइतक्या वाढीव खुणांच्या पट्टीने) मापे घेतो, म्हणजे आकुंचन दोनदा धरले जाते. म्हणून फिनिश मॉडेल मूळ ठेवून कास्टिंगचे मॉडेल त्यालाच जोडावे आणि पॅटर्नच्या ड्रॉइंगवर ‘आकुंचन धरले आहे’ असे ठळक लिहावे.

मॉडेल करताना आधी डेटम (मापे जिथून घ्यायची ती संदर्भ-प्रतले) आणि अक्ष, मग मुख्य घन, भिंती, भोके. त्यानंतर १ ते २ अंशांचा ड्राफ्ट (पॅटर्न वाळूतून सहज निघावा म्हणून भिंतींना दिलेला उतार) आणि फिलेट (कोपऱ्याची गोलाई) अगदी शेवटी. फिलेट आधी दिला तर ड्राफ्ट अनेकदा लागतच नाही, आणि पुढे एखादे माप बदलताच फीचर ट्रीमध्ये (मॉडेलच्या पायऱ्यांच्या यादीत) एरर येतात.

ताणाच्या विश्लेषणात आतला कोपरा धारदार ठेवू नये. तिथे मेश (गणनेसाठी आकारावर पाडलेली जाळी) जितका बारीक करावा तितका ताण वाढतच दिसतो. खरा फिलेट देऊन मगच आकडा वाचावा.

स्टेप फाइलमधून (एका कॅड प्रणालीतून दुसरीत मॉडेल नेण्याच्या फाइलमधून) आकार जातो, पण फीचरचा इतिहास सहसा जात नाही. डीएक्सएफ या ड्रॉइंगच्या फाइलमध्ये इंच-मिलिमीटरचा घोळ झाला की भाग २५.४ पट मोठा किंवा लहान उघडतो. त्यामुळे फाइल उघडताच माहीत असलेले एक माप आधी तपासावे. नवी रिव्हिजन निघाली की शॉपमधली जुनी प्रिंट त्याच दिवशी परत घ्यावी.