पेनरोज नियम

मनोरुग्णालयांतील रुग्णसंख्या आणि तुरुंगांतील बंद्यांची संख्या यांच्यात व्यस्त प्रमाण असते, असे मांडणारे गृहीतक. एक घटली की दुसरी वाढते, असा त्याचा ढोबळ अर्थ. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ व आनुवंशिकीचे अभ्यासक लायनेल पेनरोज (१८९८–१९७२) यांनी ते १९३९ मध्ये युरोपातील १८ देशांच्या आकडेवारीवरून मांडले. पेनरोज पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले आणि डाउन सिंड्रोमवरील कामासाठी ओळखले गेले. नोबेल विजेते रॉजर पेनरोज हे त्यांचे पुत्र. ‘नियम’ हे बिरूद या गृहीतकाला नंतर चिकटले. दोन आकडे एकमेकांच्या उलट दिशेने हलतात एवढेच त्यातून दिसते. रुग्णालयातून बाहेर पडलेली माणसेच तुरुंगात पोचली, हे त्याने सिद्ध होत नाही. या गृहीतकावरचे पुढचे बहुतेक संशोधन याच फटीत झाले आहे.

सर्वांत जास्त वाद अमेरिकेवरून झाला. तेथील सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ मध्ये सुमारे ५ लाख ५८ हजार रुग्ण होते. १९९४ पर्यंत ते सुमारे ७२ हजारांवर आले. क्लोरप्रोमाझिनसारखी मनोविकारांवरची औषधे आली होती, रुग्णालयांच्या दुरवस्थेवर टीका होत होती, आणि वस्तीजवळ उपचारकेंद्रे उघडण्याचा कायदा १९६३ मध्ये झाला होता. रुग्णालये ठरल्याप्रमाणे रिकामी झाली, केंद्रे मात्र ठरली होती तेवढी उभी राहिली नाहीत. त्यानंतर तुरुंग भरत गेले, तेव्हा पेनरोज यांचे भाकीत खरे ठरले असे अनेकांना वाटले. पण हिशेब इतका सरळ नाही. रुग्णालयांत वृद्धांचे आणि स्त्रियांचे प्रमाण मोठे होते; तुरुंगांत भर पडली ती मुख्यतः तरुण पुरुषांची, त्यातही कृष्णवर्णीयांची. कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्टीव्हन राफेल व मायकेल स्टोल या अभ्यासकांनी २०१३ मध्ये अंदाज बांधला, की १९८० ते २००० दरम्यानच्या कैदेतील वाढीपैकी केवळ ४ ते ७ टक्के वाढीचे श्रेय रुग्णालये रिकामी करण्याच्या धोरणाला देता येईल. उरलेल्या वाढीत कडक शिक्षा आणि अमली पदार्थविरोधी मोहीम यांचा वाटा मोठा होता.

मग रुग्ण तुरुंगात पोचतो कसा? नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या लिंडा टेपलिन यांनी हा प्रश्न रस्त्यावर नेला. पोलीस आणि नागरिक यांची गाठ पडते तेव्हा काय घडते, याचे प्रत्यक्ष निरीक्षण करून १९८४ मध्ये त्यांनी दाखवले, की सारख्याच गुन्ह्यासाठी मनोविकाराची लक्षणे दिसणाऱ्या माणसाला अटक होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. शिकागोच्या कुक काउंटी तुरुंगात नव्याने दाखल झालेल्या ७२८ पुरुषांच्या १९९० च्या पाहणीत तीव्र मनोविकारांचे प्रमाण बाहेरच्या समाजाच्या दोन ते तीन पट आढळले. त्याच तुरुंगातल्या कामातून पुढे आले, की तीव्र मनोविकार असलेल्या बहुसंख्य बंद्यांना दारूचे किंवा मादक पदार्थांचे व्यसनही होते. पेनरोज यांच्या आकडेवारीत व्यसन कुठेच नव्हते, आणि गृहीतकाची खरी उणीव हीच आहे.

या उणिवेचा आवाका ऑक्सफर्ड विद्यापीठातील सीना फझल यांच्या संकलनांतून कळतो. २४ देशांतील ३३,५८८ बंद्यांच्या पाहण्या एकत्र करून (२०१२) सायकोसिसचे (वास्तवाचे भान सुटणाऱ्या तीव्र मनोविकाराचे) प्रमाण पुरुषांत ३.६ टक्के व स्त्रियांत ३.९ टक्के असल्याचे त्यांनी काढले. व्यसनाचे आकडे याच्या तुलनेत फारच मोठे आहेत : २०१७ च्या संकलनानुसार तुरुंगात येतेवेळी पुरुषांपैकी सुमारे ३० टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे ५१ टक्के मादक पदार्थांच्या व्यसनाने ग्रस्त होते. शिवाय सुटका हाच सर्वांत धोक्याचा काळ ठरतो. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर येऊन माणूस पूर्वीचीच मात्रा घेतो आणि दगावतो. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या ३०,२३७ जणांच्या अभ्यासात (२००७) पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर नागरिकांच्या १२.७ पट होता, अतिमात्रेने मरण्याचा धोका तर १२९ पट.

गृहीतकाची जागतिक पडताळणी संमिश्र आहे. सहा दक्षिण अमेरिकी देशांच्या २०१५ च्या अभ्यासात १९९० नंतर मनोरुग्णालयांत कमी झालेल्या प्रत्येक खाटेमागे सरासरी पाच बंदी वाढलेले दिसले. उलट १५८ देशांच्या तुलनेत (२००९) श्रीमंत देशांत असा संबंध आढळला नाही, आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत तर खाटा आणि बंदी हे दोन्ही आकडे बरोबरीनेच वाढतात असे निघाले.

भारतात तर या दोन संस्था एकमेकींना पर्याय नव्हत्याच. येथे तुरुंग हीच मनोरुग्णालयाची बाहेरची ओसरी होती. कसलाही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना रुग्णालयात जागा होईपर्यंत तुरुंगात डांबले जाई आणि कित्येकांची वर्षे तेथेच सरत. आसाममध्ये १९५१ साली अटक झालेला एक माणूस ५४ वर्षांनी, २००५ मध्ये सुटला. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये निरपराध मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य ठरवले. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने तेथील मध्यवर्ती कारागृहातील ५,०२४ बंद्यांची पाहणी केली (अहवाल २०११). त्यात ७९.६ टक्के बंद्यांना मनोविकार किंवा व्यसन यांपैकी काही तरी असल्याचे निदान झाले. व्यसन वगळल्यावर आकडा २७.६ टक्क्यांवर आला. पहिला आकडा बातम्यांत शोभून दिसतो, पण कारागृहात डॉक्टर किती आणि कसले हवेत हे ठरवताना दोन्ही लागतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०३ नुसार प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असणे बंधनकारक आहे.