बेडकाला बेड्या कशा घालणार?

२०२५ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीची गोष्ट. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात, स्थलांतरितांची धरपकड करणाऱ्या ‘आइस’ या केंद्रीय यंत्रणेच्या इमारतीसमोर निदर्शनं चालू होती. त्यात एक जण हवा भरलेल्या हिरव्या बेडकाच्या पोशाखात आला होता. एका जवानाने त्या पोशाखाच्या हवा ओढून घेणाऱ्या झरोक्यातच तिखट रसायनाचा फवारा मारला. काही दिवसांपूर्वीच राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ‘युद्धाने उद्ध्वस्त झालेलं शहर’ असं पोर्टलंडचं वर्णन करून तिथे सैन्य पाठवण्याची घोषणा केली होती. आणि लोकांना या प्रसंगाच्या चित्रफितीत दिसला तो बेडूक! बघता बघता तिथे बेडकांची संख्या वाढली, सोबत युनिकॉर्न आणि कोंबड्याही आल्या. १८ ऑक्टोबरला ‘नो किंग्ज’ (राजे नकोत) या नावाने ट्रम्प यांच्याविरोधात देशभर मोर्चे निघाले, तेव्हा कितीतरी शहरांत हे फुगलेले प्राणी चालताना दिसले.

हा पोशाख चालतो अगदी साध्या भौतिकशास्त्रावर. पातळ कृत्रिम कापड आणि बॅटरीवर फिरणारा एक छोटा पंखा. शिवणींतून हवा निसटत राहते आणि पंखा तेवढीच भरून काढतो, त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो आणि कापड ताठ उभं राहतं. आत येणारी सगळी हवा त्या एका झरोक्यातून येत असल्याने तिथे मारलेला फवारा थेट आतल्या माणसाच्या श्वासात जातो. शिवाय या पोशाखात धड धावता येत नाही, हात मोकळेपणाने उगारता येत नाहीत, समोरचंही नीट दिसत नाही. माझ्या मते त्याची खरी ताकद इथेच आहे. हा माणूस हल्ला करायला आलेला नाही, हे बघणाऱ्याला कोणी सांगावं लागत नाही.

विसंगतीतून हसू येतं, हे तत्त्वज्ञ फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. २०१० मध्ये पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरेन या अभ्यासकांनी त्याला एक अट जोडली: काहीतरी नियमबाह्य घडलंय असं वाटलं पाहिजे, आणि त्याच क्षणी ते निरुपद्रवीही वाटलं पाहिजे. शिरस्त्राणं आणि ढाली घेतलेल्या जवानांच्या रांगेसमोर डोलणारा बेडूक दोन्ही अटी पुऱ्या करतो. बळाचा वापर लोकांच्या गळी उतरवायचा, तर समोर धोका दिसावा लागतो. बेडूक तो धोकाच चित्रातून काढून टाकतो.

या विद्येत पोलंडच्या व्रोत्सवाफ शहराइतका मुरलेला गाव दुसरा नसेल. १९८१ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या साम्यवादी राजवटीने लष्करी कायदा लागू केला. भिंतींवरच्या सरकारविरोधी घोषणा रंग फासून मिटवल्या जाऊ लागल्या. १९८२ पासून वाल्देमार फिद्रिख आणि त्याच्या साथीदारांनी त्याच रंगाच्या डागांवर परीकथांतल्या बुटक्यांची चित्रं काढायला सुरुवात केली. सरकारने घोषणा पुसायची आणि तिथे टोपीवाला बुटका उगवायचा. पुढे हे बुटके भिंतीवरून रस्त्यावर उतरले. ‘ऑरेंज ऑल्टरनेटिव्ह’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चळवळीच्या हाकेवर १ जून १९८८ रोजी, बालदिनाच्या दिवशी, हजारो लोक बुटक्यांसारख्या नारिंगी टोप्या घालून शहराच्या मध्यभागी जमले. पोलिसांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. सोडून द्यावं तर सरकारचा धाक संपतो. पकडावं तर ‘बुटक्यांच्या बेकायदा सभेला का गेला होतास?’ असं चौकीत गंभीर चेहऱ्याने विचारावं लागतं. वर्षभरानेच, जून १९८९ मध्ये, पोलंडमध्ये अंशतः मुक्त निवडणुका झाल्या आणि सत्ताधाऱ्यांचा दणदणीत पराभव झाला. त्याचं श्रेय टोप्यांना देणं चूक ठरेल, कारण मुख्य बळ ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेचं होतं. पण भीतीने घरात बसलेल्या माणसाला रस्त्यावर आणण्याचं अवघड काम या टोप्यांनी केलं.

अहिंसक लढ्याचे अभ्यासक अशा कृतीला कोंडी करणारी कृती म्हणतात. सर्बियातल्या ‘ओत्पोर’ या युवकांच्या चळवळीने बेलग्रेडमध्ये हुकूमशहा मिलोशेविचचा चेहरा रंगवलेलं पिंप रस्त्यात ठेवलं. नाणं टाका आणि दांडक्याने त्यावर हाणा. पिंप ठेवणारे दूर उभे राहून गंमत बघत होते. पकडायला कोणी सापडेना, म्हणून पोलिसांनी शेवटी पिंपच उचलून नेलं.

पोशाखाचा परिणाम फक्त बघणाऱ्यावर होतो असंही नाही. १९७९ मध्ये जॉन्सन आणि डाउनिंग या मानसशास्त्रज्ञांनी काही सहभागींना वंशद्वेष्ट्या कू क्लक्स क्लॅन संघटनेसारखे झगे दिले, काहींना परिचारिकेचा गणवेश, आणि दुसऱ्याला किती तीव्रतेचा विजेचा धक्का द्यायचा ते ठरवायला सांगितलं (धक्का प्रत्यक्षात बसणार नव्हता). झगेवाल्यांनी तीव्रता वाढवली, परिचारिकांच्या वेषातल्यांनी कमी केली. नवल पुढेच आहे. ओळख लपवल्यावर परिचारिकांच्या वेषातले आणखी सौम्य झाले. मुखवट्याआड माणूस हिंस्र होतो ही समजूत इतकी सरळ नाही. मुखवटा कशाचा आहे याला महत्त्व आहे. एका प्रयोगावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण दिशा विचार करायला लावणारी आहे. रॉबिन डन्बार आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की एकत्र खळखळून हसल्यावर वेदना सोसण्याची क्षमता वाढते. मेंदूतली एंडॉर्फिन ही वेदना शमवणारी रसायनं त्यामागे असावीत. तासन्‌तास ताणाखाली उभ्या राहणाऱ्या जमावाला याचा उपयोग काय, हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं टिकतं ते शिस्तीवर. १९६० च्या दशकातल्या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या आंदोलनांचा ओमार वासो यांनी अभ्यास केला. निदर्शक शांत आणि पोलीस हिंसक, असं घडलं तेव्हा वृत्तपत्रांचा सूर निदर्शकांच्या बाजूने झुकला. निदर्शकांकडून हिंसा झाली तिथे बातमी दंगल आणि गुन्हेगारीची झाली, आणि मतदानाचा कलही उलट फिरला. बेडकाच्या पोशाखातून एक दगड भिरकावला गेला, तर त्या दिवसापुरता तरी प्रत्येक बेडूक संशयित ठरेल.

आणि काही राजवटींना हसं होण्याची पर्वा नसते. १७ नोव्हेंबर २०२० रोजी बँकॉकमध्ये संसदेबाहेर पोलिसांनी पाण्याचे फवारे सोडले, तेव्हा तरुणांनी हवा भरलेली मोठी पिवळी बदकं ढालीसारखी पुढे धरली. बदक आंदोलनाचं चिन्ह झालं. त्याच पिवळ्या बदकांची चित्रं असलेली दिनदर्शिका विकल्याबद्दल मार्च २०२३ मध्ये थायलंडच्या न्यायालयाने एका माणसाला दोन वर्षांची कैद सुनावली. आरोप होता राजाच्या अवमानाचा.