रेडिएटरचे झाकण: जास्त दाब म्हणजे जास्त थंडावा नव्हे

जास्त दाबाचे झाकण बसवले की इंजिन थंड राहते, हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. झाकण उष्णता कमी करत नाही. ते आतला दाब धरून उकळबिंदू वाढवते, म्हणूनच समुद्रसपाटीला 100 अंशांना उकळणारे साधे पाणी 1 बार जादा दाबाखाली सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही. नेमून दिलेल्यापेक्षा जास्त दाब मात्र होजपाइप आणि जोडांवर पडतो, आणि जुन्या गाडीत तेच आधी फुटतात. रबरी सील कडक झाले, चिरले किंवा स्प्रिंग गंजली, तर झाकण बदलावे. पण झाकणावर छापलेला दाबाचा आकडा तोच हवा, नुसते आटे जुळणे पुरेसे नाही. तपासणी अर्थातच इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावी.