सीतेची वेणी: येऊरच्या फांद्यांवरची आमरी

मे सरत आला की ठाण्याजवळच्या येऊरच्या रस्त्याने जाताना माझी मान आपोआप वर होते. एखाद्या जुन्या ऐनाच्या फांदीवरून सीतेची वेणी या आमरीचे (ऑर्किडचे) पांढरे-जांभळे घोस वेणीसारखे लोंबत असतात. वटपौर्णिमेच्या आगेमागे हा बहर भरात असतो. एका तुऱ्यावर शंभराच्या वर फुलं असतात आणि ती जवळजवळ एकदमच उमलतात. आसामात हीच आमरी 'कपौ फूल' म्हणून एप्रिलमध्ये, बोहाग बिहूला केसांत माळतात. तिकडे फूल लवकर येतं.

कागदावर ती आली मलबारात. तिथला डच कमांडर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे वैद्य होते, तसे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभटही होते. या तिघांचं नागरी लिपीतलं कोकणी पत्र पहिल्या खंडात आहे, याचा मला फार आनंद वाटतो. शेवटच्या खंडात आपली वेणी 'अन्सेली मारावारा' या नावाने येते. अन्सेली म्हणजे मल्याळममधलं अंजिली, आपला पाटफणस. म्हणजे ज्या झाडावर सापडली त्याचंच नाव तिला मिळालं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिला एपिडेंड्रम, म्हणजे 'झाडावरची', या गटात घातलं. १८२५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लूमने फुलातल्या चोचीसारख्या खांबावरून (पुंकेसर आणि स्त्रीकेसर जुळून झालेला भाग) ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा हे आजचं नाव दिलं.

झाडावरची, पण बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडाचा रस शोषतं. हिची मुळं सालीला नुसती धरून राहतात आणि त्यांचं स्पंजासारखं आवरण पावसाचं पाणी टिपतं. बी धुळीइतकं बारीक. त्यात शिदोरी नसते, म्हणून योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं, आणि पहिलं फूल यायला कित्येक वर्षं जातात.

ठाण्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी नेमकी हिला कळ्या धरतात तेव्हाच चालते. गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीत बांडगूळ समजून छाटलेल्या फांदीवर तुऱ्यासकट एक रोप मिळालं. सुतळीने ते सोसायटीतल्या आंब्याला बांधलं. श्रावणापर्यंत नव्या मुळांनी साल पकडली होती. यंदा फूल आलं नाही, पण दोन नवी पानं आली आहेत.