नवं विमान उशिराच का येतं?

८ जुलै २००७ रोजी अमेरिकेतल्या एव्हरेटच्या कारखान्यातून बोइंग ७८७ मोठ्या थाटामाटात बाहेर आणलं गेलं. तारीख मुद्दाम साधलेली होती, कारण अमेरिकी पद्धतीने ती ७-८-०७ अशी लिहितात. नवा कोरा रंग, हजारो पाहुणे, टाळ्यांचा कडकडाट. विमान मात्र आतून बरंचसं रिकामं होतं. अनेक यंत्रणा बसवायच्याच होत्या आणि सांगाडा ठिकठिकाणी तात्पुरत्या बोल्टांवर उभा होता. ते पहिल्यांदा उडालं डिसेंबर २००९ मध्ये आणि प्रवाशांना घेऊन निघालं ऑक्टोबर २०११ मध्ये. ठरलेल्या मुदतीपेक्षा तीन वर्षांहून जास्त उशिरा.

आता असा उशीर झाला तर कोणी भुवया उंचावत नाही. खरं तर उंचावायला हव्यात. पंखावरून हवा कशी वाहील, कुठे किती ताण येईल, हे सगळं आज संगणकावर आधीच पाहता येतं. १९४० मध्ये ‘मस्टँग’ या लढाऊ विमानाचा पहिला सांगाडा करारानंतर साधारण शंभर दिवसांत तयार झाला होता, तोही पट्टी-पेन्सिलीने काढलेल्या नकाशांवरून. (सांगाडा तयार झाला तेव्हा इंजिन आलेलंच नव्हतं. त्याकडे पुढे येऊच.) मग साधनं इतकी सुधारूनही वेळ का वाढला?

विमान आखायला आता फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो ते तीस वर्षं, हजारो उड्डाणं टिकेल हे सिद्ध करण्यात. ही सिद्धता मागण्याची सवय जगाला महागात पडून लागली. ब्रिटनचं ‘कॉमेट’ हे पहिलं जेट प्रवासी विमान १९५२ मध्ये सेवेत आलं. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. कारण शोधायला फार्नबरो इथे एका कॉमेटचा सांगाडा भल्या मोठ्या टाकीत पाण्यात बुडवला. मग आत पाणी दाबून, पुन्हा दाब काढून, उड्डाणामागून उड्डाण असल्याचा आभास निर्माण केला. पाणीच का? दाबलेल्या हवेने सांगाडा फुटला असता तर त्याच्या चिंधड्या झाल्या असत्या आणि पुरावाही गेला असता. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे चीर जिथे पडते तिथेच राहते. सुमारे तीन हजार फेऱ्यांनंतर खिडकीच्या कोपऱ्याजवळ धातू थकून फाटला. तेव्हापासून प्रत्येक नव्या प्रवासी विमानाचा एखादा नमुना जमिनीवरच छळून पाहिला जातो.

या छळाचे नियम कडक आहेत. आयुष्यात येऊ शकेल अशा सर्वांत मोठ्या भाराच्या दीडपट भार सांगाड्याने सोसला पाहिजे. सप्टेंबर २०१९ मध्ये बोइंग ७७७एक्सच्या नमुन्यावर ही चाचणी चालू असताना, त्या दीडपट भाराच्या सुमारे ९९ टक्क्यांवर विमानाचं शरीर फाटलं. लक्ष्याच्या इतक्या जवळ! प्रत्यक्ष उड्डाणात असा भार येण्याची शक्यता जवळपास नाहीच, तरी दुरुस्ती करावी लागली. पुढे २०२४ मध्ये इंजिनाला पंखाशी जोडणाऱ्या एका भागात तडे सापडले आणि चाचणी-उड्डाणं काही महिने थांबली. २०२० मध्ये सेवेत येणार असलेल्या या विमानाची तारीख आता २०२७ सांगितली जाते. वर्तमानपत्रांत याला ‘दिरंगाई’ म्हणतात. बोइंगच्या बाकी कारभारावर टीका करायला भरपूर जागा आहे, पण जमिनीवर फाटलेलं विमान हे चाचणीचं अपयश मानायला मी तयार नाही. चाचणीने तिचं काम केलं.

आता इंजिन. विमानाच्या सगळ्या भागांत हाच सर्वांत हळू पिकणारा भाग. जेट इंजिनात ज्वलनानंतरचा वायू टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो तेव्हा त्याचं तापमान १,५०० अंश सेल्सिअसच्या वर असतं. पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात, तो साधारण १,३५० अंशांच्या आसपास वितळू लागतो. म्हणजे पातं स्वतःच्या वितळणबिंदूपेक्षा तापलेल्या झोतात उभं असतं आणि मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेऱ्या मारत असतं. ते तगतं कारण ते आतून पोकळ असतं. पोकळीतून तुलनेने थंड हवा खेळवली जाते, ती बारीक छिद्रांतून बाहेर पडून पात्याभोवती हवेचा पातळ पदर धरते, आणि वर सिरॅमिकचा लेप असतो. शिवाय संपूर्ण पातं धातूच्या एकाच स्फटिकाचं ओतलेलं असतं. साध्या धातूत असंख्य छोटे स्फटिक असतात, त्यांच्या सीमांपाशी तो उष्णतेत आणि ताणात हळूहळू सरकतो. सीमाच नसतील तर हे सरकणं फार कमी होतं.

हे सूत्र पाठ्यपुस्तकांत मिळतं. हजारो पाती एकसारखी आणि निर्दोष ओतण्याची हातोटी मात्र मिळत नाही, म्हणूनच विमान बनवणारे देश बरेच आणि असं इंजिन बनवणारे मूठभर. जर्मन अभियंते कुर्ट टांक यांनी आखलेलं भारताचं ‘मरुत’ हे लढाऊ विमान १९६१ मध्ये उडालं. आवाजाच्या दुप्पट वेगासाठी काढलेल्या त्या देखण्या सांगाड्याला योग्य इंजिन मिळालंच नाही, आणि ते आवाजाच्या वेगापाशीच अडखळलं. ‘तेजस’साठी हाती घेतलेलं ‘कावेरी’ इंजिन अखेर त्या विमानापासून वेगळं करावं लागलं. तेजस अमेरिकी इंजिनावर उडतं आणि इंजिनांचा पुरवठा रखडला की विमानंही रखडतात. चीनचं जे-२० हे लढाऊ विमान बराच काळ रशियन इंजिनांवर उडत होतं. त्यांचं सी९१९ हे प्रवासी विमान २०२३ मध्ये सेवेत आलं ते पाश्चात्त्य इंजिन घेऊनच. ज्यांना इंजिन येतं तेही सुटलेले नाहीत. प्रॅट अँड व्हिटनीच्या नव्या इंजिनांच्या काही चकत्या ज्या धातूच्या भुकटीपासून घडवल्या, त्या भुकटीत अशुद्धी असल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं आणि जगभर शेकडो विमानं तपासणीसाठी जमिनीवर बसली.

सिद्धतेला इतकी वर्षं लागतात, त्यामुळे आणखी एक अडचण येते. विमान ज्या जगासाठी आखलं, ते जगच तोवर बदलतं. एअरबसने २००० च्या अखेरीस ए३८० ला हिरवा कंदील दाखवला तो मोठ्या विमानतळांदरम्यान एकाच वेळी पाचशेहून अधिक माणसं नेण्याच्या हिशेबाने. पण तोवर दोन इंजिनांच्या विमानांना एका इंजिनावर विमानतळापासून तासन् तास दूर राहण्याची मुभा मिळत चालली होती. त्यामुळे लहान विमानं थेट हव्या त्या गावी जाऊ लागली आणि चार इंजिनांचं महाकाय विमान भरणं अवघड झालं. २५१ विमानांनंतर २०२१ मध्ये ए३८० चं उत्पादन बंद झालं. लष्करातही हेच. सोव्हिएत संघाशी लढायला आखलेलं अमेरिकेचं एफ-२२ हे लढाऊ विमान सेवेत येईपर्यंत सोव्हिएत संघच उरला नाही. एके काळी ७५० विमानांचा बेत होता, वायुदलाच्या वाट्याला आली १८७. बी-२ बॉम्बफेकी विमानं १३२ व्हायची होती, झाली २१. संख्या घटली की आधी केलेल्या संशोधनाचा सगळा खर्च उरलेल्या थोड्या विमानांवर पडतो, किंमत फुगते, आणि ती फुगली म्हणून संख्या आणखी छाटली जाते.

या धास्तीने कंपन्या जुन्यालाच ठिगळं लावू लागतात. १९६७ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या बोइंग ७३७ ला नवी, मोठी इंजिनं बसवायची तर ती जमिनीला लागू नयेत म्हणून पुढे आणि वर सरकवावी लागली. त्यामुळे बदललेला विमानाचा स्वभाव सावरायला एक सॉफ्टवेअर घातलं, आणि ते एकाच संवेदकाच्या भरवशावर चालत होतं. २०१८ आणि २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ जीव गेले. अगदी नवं विमान काढण्याचा खर्च आणि वेळ वाचवण्याच्या नादात हे घडलं.

पुढचं चित्रही धूसरच आहे. हायड्रोजन वजनाला केरोसीनच्या जवळपास तिप्पट ऊर्जा देतो, पण द्रवरूपात त्याला उणे २५३ अंशांवर ठेवावं लागतं आणि जागा चौपट लागते. केरोसीन पंखांत मावतं, हायड्रोजनच्या जाड गोलाकार टाक्या प्रवाशांच्या जागेत शिरतात. हायड्रोजनच्या विमानासाठी २०३५ ची घोषणा केलेल्या एअरबसने २०२५ मध्ये तारीख पुढे ढकलली. बॅटरीचं दुखणं वेगळं. ती जड तर आहेच, वर उड्डाणात इंधन जळून विमान हलकं होत जातं तसं बॅटरीचं होत नाही. लष्करी बाजूला अमेरिकेने मार्च २०२५ मध्ये एफ-४७ हे नवं लढाऊ विमान जाहीर केलं, तर ब्रिटन, जपान आणि इटलीने आपल्या सामायिक लढाऊ विमानासाठी २०३५ चं लक्ष्य ठेवलंय. फ्रान्स आणि जर्मनी मात्र त्यांच्या सामायिक विमानाच्या कामाचा वाटा कोणाला किती यावरच भांडत राहिले. या सर्वांच्या योजनांत वैमानिकाच्या विमानासोबत उडणारी स्वस्त, मानवरहित विमानं आहेत. ती चांगली निघाली तर महागडं लढाऊ विमान किती लागेल, हा प्रश्न त्याच योजनांच्या पोटात दडलेला आहे.

त्यातल्या त्यात जवळचं वाटतं ते उघड्या पंख्याचं इंजिन. सीएफएम कंपनीच्या या प्रकल्पात पंख्याभोवतीचं आवरणच काढून टाकलंय, त्यामुळे पंखा मोठा करता येतो आणि वीस टक्के इंधन वाचेल असा दावा आहे. ए३२० च्या वारसदाराला २०३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणायचं एअरबसच्या मनात आहे आणि त्यासाठी हे इंजिन विचारात आहे. उड्डाणात ते तपासायला निवडलंय एक ए३८० च. अडचण पुन्हा सिद्धतेचीच. आजच्या इंजिनाला प्रमाणपत्र मिळवताना ते पूर्ण वेगात असताना पंख्याचं एक पातं स्फोटकाने मुद्दाम तोडतात आणि बाहेरच्या आवरणाने ते अडवलं पाहिजे असा नियम आहे. ज्या इंजिनाला आवरणच नाही, त्याचं तुटलेलं पातं कोण अडवणार? पातं तुटणारच नाही इतकं भक्कम करायचं की विमानाचं शरीर तिथे जाड करायचं, आणि जाड केलं तर वाचवलेल्या इंधनातलं किती त्या वजनात जाईल, यावर सध्या काम चालू आहे.